दोन सूत

ॲम्बेसिडरचं चाक घेऊन तो आला तेव्हा
लेथवर रसवंतीचा रोलर चढवलेला.
त्यानं चाक दारात सोडलं. पडलं नाही.
उभं राहिलं आपलं आपण,
बस म्हणेपर्यंत न बसणाऱ्या पाव्हण्यासारखं.

नाव नेमगोंडा बिरनाळे. मालगावचा, घरी पानमळा.
गाडी बुलेट, एकोणऐंशी सालची,
सीट गेलेलं, मडगार्ड यानंच कापलेलं.
"मागं हे बसवायचंय, अण्णा."
कशाला?
"भारी दिसतंय."
इतकं खरं उत्तर या शेडात
बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं.
आरटीओचं काय?
"रात्री फिरवीन."
आणि दिवसा?
"दिवसा कामाला जातोय की."

चिमटा कापला. रुंद केला.
वेल्डिंगचा वास बोटांना घेऊन दोन दिवस जेवलो.
हबसाठी थाळी कातली, पाच भोकांची.
सहा भोकं कुणीही आखेल,
कंपास आपोआप फिरत घरी येतो.
पाचाला डोकं लागतं.
तीन थाळ्या भंगारात गेल्या, चौथी बसली.

मग चेन. टायरला घासत होती.
चाक दोन सूत उजवीकडं सारलं तर चेन मोकळी,
पण पुढचं चाक एका रस्त्याला, मागचं दुसऱ्या,
जत्रेत चुकलेल्या नवरा-बायकोसारखं.
म्हणून चाक राहू दिलं मधोमध
आणि दोन्हीकडचे दाते दोन दोन सूत बाहेर काढले.
आता रेषा बघायची.
सुतळी धरली तर तिला झोल.

शेजारी अमीनचाचा सतारी करतात.
तार मागितली.
"कुठली? बाजाची, का जोडाची?"
सगळ्यात सरळ असेल ती द्या.
चष्म्यावरनं बघितलं त्यांनी.
"गुंडाळलेलीच असते रे सगळी. ताणशील तेवढी सरळ."

एक टोक नेमगोंडाच्या पक्कडीत, एक माझ्या,
टायरच्या दोन्ही कडांना टेकवून तार पुढं नेली.
चाचा दारात आलेले. वाकले, नखानं छेडली.
"बेसूर आहे," म्हणाले,
"पण सुतात आहे."

रात्री दहाला म्हैसाळ रोडला गेला.
पाऊण तासानं आला ते घामानं निथळत.
"सरळ जाती, अण्णा, रुळावरनं गेल्यागत.
वळतच न्हाई. मी वाकतोय, ती उभीच.
नदीच्या अलीकडच्या वळणाला
मी जवळपास उसात."

मी टायरवरनं हात फिरवला.
सपाट. पाटासारखं.
चौघांत वाढलेलं चाक हे,
एक कोपरा उचलायचा, बाकीचं तिघांवर.
पडायची भीती याला कधी शिवलीच नाही,
मग झुकायचं तरी कुठं शिकणार?
हे मी नेमगोंडाला बोललो नाही.
हवा उतरवली, बत्तीसची चोवीस,
आणि म्हटलं, हँडल ढकलून सांग त्याला.
ज्या बाजूला जायचं तिकडचं हँडल पुढं ढकल.
हळू. रागवू नकोस.

पैसे दोन हप्त्यांत दिले.
वर पानांची एक कवळी, ओल्या फडक्यात.

दिवाळीनंतर चेन ताणून घ्यायला आला.
त्याचे खांदे भरलेले दिसले.
मी खाली बसलो, बघितलं:
टायर मधे तसंच कोरं,
कडा मात्र घासून घासून
गोलाईला लागलेल्या, जेमतेम अर्धा सूत.
"वळती आता?"
"वळती. थोडी कुरकुर करती."
"कोण, ती का तू?"
त्यानं किक मारली.

तार परत द्यायला गेलो होतो मधे.
चाचा म्हणाले, आता ती वाद्याला चालत नाही,
ठेव तुझ्याकडंच.
खिळ्याला टांगलीय.
लेथ सुरू केला की हलते, अगदी बारीक आवाज देते.
कुठला सूर, चाचांना एकदा विचारायचंय.
राहून जातंय.