जाब देणार क्रमांक एक

वकीलबाईंनी विचारलं, नेमकं कुठं झालं?
म्हटलं, नवले पुलाच्या अलीकडे, उतारावर,
जिथं सगळे न्यूट्रलवर येतात
आणि नंतर सगळेच सांगतात, ब्रेक लागला नाही.
गाडी पांढरी. मागच्या काचेवर ‘कु. आफरीन’.
मी मागे बसलेले. पट्टा लावला होता का?
लावला होता.
लिहा, म्हणाल्या, आणि लक्षात आलं
मला लिहिता येत नाही.

शिवाजीनगर कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला.
जिन्यात एक मुलगा, पायात सळई,
मोबाईलवर क्रिकेट बघत बसलेला,
त्यानं पाय उचलून मला वाट दिली. दोन्ही हातांनी.

कंपनीचं पत्र टेबलावर ठेवलं :
आम्ही फक्त जुळवून देतो,
चालक आमचा नोकर नाही, भागीदार आहे.
वधूवर सूचक मंडळही एवढंच म्हणतं, मी म्हणाले.
पायगुडे वकील हसल्या नाहीत.
सहा महिन्यांची मुदत असते, तुम्ही पाचव्यात आलात.

व्यवसाय?
दात करते.
डॉक्टर आहात?
नाही हो. डॉक्टर माप घेतात,
दात मी करते, नारायण पेठेत, मेणात कोरून.
दाढेला खळगी असते, चार उंचवटे असतात,
खोटी दाढसुद्धा गुळगुळीत चालत नाही, जिभेला कळतं.
त्याला हे मनगट लागतं. हे.

कमाईचा पुरावा?
डॉक्टर रोख देतात. पाकिटावर पेशंटचं आडनाव असतं, बस.
पुरावा म्हणाल तर अर्ध्या सदाशिव पेठेनं तोंड उघडावं.
आता मात्र हसल्या.
मग म्हणाल्या, ससूनचा दाखला आणा, टक्क्यांचा.

टक्के निघाले सतरा.
मनगट उचलून, वळवून, दाबून
एका दमलेल्या पोरानं आकडा लिहिला.
मी विचारलं, सतरा म्हणजे कुठलं बोट?
तो म्हणाला, पुढचा.

रात्री अर्जाचा कच्चा मसुदा वाचला.
अर्जदार : विनया अरगडे, वय त्रेपन्न.
विरुद्ध.
जाब देणार क्रमांक एक : इलाही मुलाणी, मूळ राहणार करमाळा.
विमा कंपनी क्रमांक दोन.
ज्यांनी जुळवून दिलं ते तीन, ‘असल्यास’.

त्यानंच मला गाडीतून ओढून काढलं होतं.
माझी चप्पल शोधून आणली होती, एक.
तो पुढे, मी मागे, चाळीस मिनिटं
आफरीनच्या दहावीबद्दल बोललो होतो,
इंग्रजी कच्चं आहे म्हणाला.

याचं नाव काढता नाही येणार?
पायगुडे म्हणाल्या, नाव घालणं म्हणजे शिव्या घालणं नव्हे.
तो कडी आहे. कडी काढलीत तर
साखळी ओढणार कशी?
बरोबर होतं. मी डाव्या हातानं सही केली.
बँकेत असती तर परत आली असती.

मोबाईल अजून विचारतोय :
तुमचा प्रवास कसा झाला?
पाच रिकाम्या चांदण्या.
मी त्यांना हातही लावत नाही, त्याही जात नाहीत.

पहिल्या तारखेला तो आला होता.
इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल, खिडकीपाशी उभा.
माझ्याकडे आला. मला वाटलं, भांडेल.
म्हणाला, मॅडम, आमचं खातं बंद केलं त्यांनी,
त्याच दिवशी, तुम्ही दवाखान्यात असतानाच.
गाडीचा हप्ता मात्र चालू आहे.
मग म्हणाला, तुमच्या वकीलबाई
माझंही बघतील का?

नाही बघणार. एकाच बाईला
दोन्ही बाजू बघता येत नाहीत, असं मी सांगितलं,
आणि सांगताना मला दिसलं :
वरचा पुढचा डावा, हिरडीपासून दोन मिलिमीटर खाली, तिरका तुटलेला.
स्टिअरिंग.
बोलताना तो ओठ खाली ओढून धरत होता.

पुकारा झाला. आमची दोघांची नावं
एका दमात घेतली शिपायानं, मध्ये ‘विरुद्ध’ न म्हणता.
पुढची तारीख मिळाली, एकवीस.

बाकावर बसून मी वकिलातीच्या पावतीमागे
डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखं, लिहून ठेवलं :
मुलाणी. वरचा डावा.
रंग जरा पिवळसर. चहा.