उणे बारा

गॅरेजात ती बोलतच नाही.
तीनदा आणली ओइवा राउतिओने त्याची लाल गाडी,
दोन दारांची, चाळिशीला टेकलेली, जमिनीला पोट लावून बसणारी.
तीनदा मी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.
चकार शब्द नाही.
दुखरी दाढ दवाखान्याच्या पायरीवर गप्प होते, तशी.

"घरी करते," तो म्हणाला, "सकाळी.
पेडल अर्ध्यावर गेलं की
उंदराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी."

नवी प्लेट, नवं बेअरिंग, माझ्याच हातचं काम.
एक्झॉस्ट उतरवून, गिअरबॉक्स मागे ओढून
बारा तास.
म्हणून मनातल्या मनात पेडललाच साकडं घातलं:
तूच अस. तुझी ती स्प्रिंग अस,
नाहीतर नखाएवढी प्लास्टिकची बूश.
दहा मिनिटं, दोन थेंब तेल, वर कॉफी.

चौथ्या खेपेला गाडी आत घेतलीच नाही.
रात्रभर उभी केली अंगणात, लाहतीच्या जानेवारीत.
सकाळी उणे बारा.
दार उघडताना रबर फाट्‌दिशी सुटलं.
मी त्याला आत बसवलं, चावीला हात लावू नकोस म्हटलं.
"दाब."

कुंईऽ

इंजिन बंद, म्हणजे बेअरिंग फिरत नाही.
फिरत नाही ते कण्हतही नाही.
एक नाव खोडलं.
राहिली दोन: पायाशी पेडल,
आणि पार आत, बीडाच्या खोळीत, फोर्क;
तो ज्यावर झुलतो तो बोराएवढा गोळा.

आधी पेडल. अर्थातच आधी पेडल.
डोकं डॅशबोर्डखाली, पाय बाहेर बर्फात,
छप्पन वर्षांची कंबर मधे कुठेतरी.
बूशवर तेल सोडलं, स्प्रिंगवर सोडलं,
हाताने दाबलं.
कुंईऽ
आवाज इथे पोचत होता.
इथला नव्हता.

मी बाहेर आले तर ओइवा डिकीत वाकलेला.
त्याने काढली बर्चची एक काठी,
दोन्ही टोकं घासून गुळगुळीत.
कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
रोलरांची दुखणी ऐकली होती त्याने हिच्यातून.
पुठ्ठा अंथरून तो उताणा झाला, गाडीखाली सरकला,
एक टोक खोळीला, एक कानामागच्या हाडाला.
"दाब," आता तो म्हणाला.
मी दाबलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग काठी माझ्या हातात दिली.

काठीतून तो आवाज बारीक नव्हता.
कोरड्यावर कोरडं. लोखंडावर लोखंड.

नोव्हेंबरातली ती दुपार.
गोळा मी फडक्याने लख्ख पुसला होता,
इतका, की त्यात ट्यूबलाइट दिसली.
ग्रीसचा डबा उघडला. फोन वाजला,
इर्मेली, हिवाळी टायरांचे भाव विचारत.
डब्याचं झाकण लावल्याचं मला आठवतं.
मधलं आठवत नाही.

"बूशच असेल ना, केर्त्तु?"
ओइवा विचारत होता, गुडघ्यावरचा बर्फ झटकत,
माझ्याकडे न बघता.
दार उघडंच धरलं होतं त्याने माझ्यासाठी.

"नाही," मी म्हटलं. "गोळा. ग्रीस लावायचं राहिलं.
माझ्याकडून."

"बारा तास," तो म्हणाला.
"बारा तास. पैसे नाहीत."
त्याने कॉलर वर केला.
"मग आधी कॉफी."

गाडी आम्ही दोघांनी ढकलत आत घेतली.
तासाभरात तिला ऊब लागली,
छपरावरचं पाणी टपटप जमिनीवर आलं.
उगाच एकदा पेडल दाबून पाहिलं.
चकार शब्द नाही.

मी तेरा नंबरचा पाना घेतला
आणि एक्झॉस्टच्या पहिल्या बोल्टला लावला.