पान्हा

सकाळी आठचा एक नमुना, दुपारी चारचा दुसरा.
कॉर्टिसोल वेळेवर चढतं, वेळेवर उतरतं,
म्हणून नळीवर मी आधी वेळ लिहिते, मग नाव.
राजारामपुरीतल्या लॅबमध्ये सोळा वर्षं
लोकांचा ताण आकड्यात मोजला.
शिरोलीची फाउंड्री बंद पडून चार महिने झाले,
हे पंख्याकडे बघत पडून असतात,
आणि किल्ल्या सापडतात फ्रीजमध्ये.
स्वतःचं रक्त काढायला माझा हात वळत नाही.

काल रात्री गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
मागून खांद्यावर हात पडला.
"काय गं वैजू, ओळखलंस का?"
"ओळखलं की!" म्हणाले.
हसणं ओळखीचं, गालावरची खळी ओळखीची,
नावाच्या जागी कोरी चिठ्ठी.
तिनं पोरांचं विचारलं. मी घड्याळ बघितलं.
तिला कळलं असावं.
"बरं, येते," म्हणाली,
आणि रंकाळा स्टँडच्या बाजूला गेली.

इकडे म्हैस दूध देईना.
बोळात कुठल्याशा मंडळाचा डॉल्बी,
तिचे कान ताठ, कास आखडलेली,
गिऱ्हाइकं ग्लास धरून ताटकळलेली.
"इंजेक्शन मार की, मावशी!" कुणीतरी ओरडलं.
तानुबाईनं मानसुद्धा वळवली नाही.
"भ्यालीया ती. भ्यालं की पान्हा चोरतंय जनावर.
आटलं न्हाई काय. आत हाय समदं."
आणि कासेवर कोमट पाण्याचा हात फिरवत बसली,
रात्र तिच्या मालकीची असल्यासारखी.

सुईत भरून मिळतं ते मला ठाऊक आहे,
परीक्षेत त्याची साखळी काढून दाखवली होती, नऊ मण्यांची.
हातातून ते असं उतरतं
हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉल्बी थांबला की नाही, आठवत नाही.
धार लागली.
आधी भांड्याच्या बुडावर वाजणारी,
मग फेसात मुकी होत गेलेली.

गरम ग्लास हातात आला
आणि आधी दंड आठवला.
लशीचा वण, कोपराच्या खोबणीत निळी शीर.
कॉलेजच्या सायकल स्टँडमागं
माझी पहिली सुई तिथंच गेली होती.
माझा हात थरथरत होता, आणि ती म्हणत होती,
"टोच गं, मी काय मरत न्हाई."
पद्मजा.
पद्मजा मगदूम.

ग्लास घेऊनच स्टँडपर्यंत पळाले.
केळीवाला गाडा झाकत होता, बाकी कुणी नाही.
पेन काढून तळहातावर लिहिलं, सवयीनं:
रात्री नऊ चाळीस.
पद्मजा मगदूम.
वय, माझ्याइतकंच.

ग्लास परत द्यायला गेले तेव्हा
तानुबाई म्हशीशी काहीतरी बोलत होती.