समुद्र कुठल्या बाजूला

सोहारच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात
मी हात लांब करून म्हणाले,
समुद्राकडे तोंड केलं की समोर पश्चिम.
तिसऱ्या बाकावरून चरणतेज उठला, अगदी शांतपणे:
मॅम, ईस्ट.

दिसत होतं की समोर.
सकाळचे आठ, बंदराच्या क्रेनमागून
ऊन थेट माझ्या डोळ्यांत.
पण चिपळुणात बावीस वर्षं शिकवलेला हात,
तो विचारून थोडाच उठतो.

डोंगर इथे मावळतीला. उघडे, तपकिरी,
सह्याद्रीची साल काढून ठेवावी तसे.

नववीला धडा नद्यांचा.
उगम, उपनद्या, त्रिभुज प्रदेश.
वर्गात अठ्ठावीस मुलं, नदी पाहिलेली सहा,
त्यातल्या दोघांनी विमानातून.
पाणी कुठून येतं, मी विचारलं.
प्लँटमधून, एबल कुरियन म्हणाला,
समुद्रातलं मीठ काढतात, मग टँकर, मग गच्चीवरची टाकी.
चूक, असं तोंडावर आलं होतं.
गिळलं.
संध्याकाळी घरी नळाखाली तांब्या धरला
आणि वाटलं, गिळलं ते बरं झालं.

सहलीला वादी बघायला गेलो.
ड्रायव्हर म्हणायचा वादी, मला ऐकू यायचं वाडी.
वाडीत माणसं असतात. इथे नुसते गोटे,
एक लहान मुलाची चप्पल,
आणि बाभळीच्या शेंड्याला अडकलेली प्लास्टिकची पिशवी,
माझ्या डोक्याच्या कितीतरी वर.
एवढं पाणी? मुलं गप्प झाली.
हो, म्हटलं. पाणी नसताना नदी वाचायची
ती अशी, मान वर करून.

मग गृहपाठ दिला: आपल्या मूळ गावाचा नकाशा,
दिशांसह. दहा गुण.

रुमाना परकार. गाव खेडजवळ, वडील टगबोटीवर.
जन्म इथलाच. गावी गेली ती दोनदा,
एकदा तान्ही,
एकदा गोवर निघाला आणि सगळी सुट्टी खाटेवर.
तिने मशीद काढली, काजूची बाग, चुलत्यांचं घर,
आणि निळ्या पेनाने जगबुडी,
नाव मराठीत, त्यातला 'बु' दोनदा गिरवलेला.
समुद्र उजव्या हाताला. घाट डाव्या.
नदी बिचारी पूर्वेकडे धावत सुटलेली.
उत्तरेचा बाण मात्र बिनचूक.

लाल पेनाचं टोपण काढलं.
तीन गुण कापायचे, शेरा मारायचा, पुढचा पेपर.

पण गेल्या मे महिन्यात मीच गुहागरला
पहाटे पाचला उठून पुळणीवर जाऊन बसले होते
सूर्य बघायला,
पाण्याकडे तोंड करून.
पाणी काळं होतं, मग राखाडी, मग निळं,
सूर्य काही येईना.
टोपली घेऊन चाललेल्या एका कोळणीने विचारलं,
कुणाची वाट बघताय बाई?
तेवढ्यात मानेला ऊन लागलं,
मागून, सुरूच्या बनातून.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तीन गुण कापले. कापायलाच हवेत,
पुढच्या वर्षी बोर्ड आहे.
खाली लिहिलं, उद्या पहिल्या तासाआधी भेट.

ती आली, दप्तर पाठीवरच.
मी कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला.
सकाळचं ऊन आरपार आलं
आणि समुद्र डावीकडे गेला,
घाट उजवीकडे, नदी वळली,
चुलत्यांचं घर जागेवर बसलं.
फक्त 'जगबुडी' ही अक्षरं तेवढी उलटी.

रुमाना बराच वेळ बघत राहिली.
पलीकडे एक जहाज निघालं होतं,
कागदातून अंधूक दिसत होतं तेही,
तिच्या घाटावरून हळूहळू सरकणारं.

मग तिने विचारलं,
मॅम, पण तिथे सन येतो कुठून?

डोंगरामागून, मी म्हटलं.
जरा उशिरा येतो.