चौदा

राईलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
धक्क्याची सैल फळी ठोकताना, ओठांत दोन खिळे धरून:
डोकी मोजू नकोस. डोकी कोबीलाही असतात.
चेहरे मोज.
मी हसले. एकोणीस वर्षांची होते,
गळ्यात नवीकोरी शिट्टी, दोरीला अजून दुकानाचा वास.

सरोवराच्या काठी बर्चच्या खोडाला एक पाटी,
पाटीवर चौदा खिळे, खिळ्यांना चौदा लाकडी चकत्या.
पाण्यात शिरताना तांबडी बाजू पुढे,
बाहेर आलं की पांढरी.
ज्याची त्याने उलटायची, स्वतःच्या हाताने,
ढकलाढकली न करता. (हे शेवटचं
अख्ख्या फिनलंडात कुणाला जमलं नसावं.)

दर दहा मिनिटांनी शिट्टी.
शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा
आणि गप्प उभं राहायचं, माझं मोजून होईपर्यंत.
आठ वर्षांच्या अंगाला नुसतं उभं राहणं
केवढं अवघड असतं!
पाणी गुदगुल्या करतं, डास मान शोधतात,
आत्सोला नेमकी तेव्हाच शिंक येते.

मंगळवारी, तिसरी शिट्टी.
सात जोड्या. वर धरलेल्या सात मुठी.
चौदा.
मी वहीत चौदा लिहिलं, खाली रेघ ओढली,
रेघ सरळ आली म्हणून बरंही वाटलं.

मग टॉवेल, थंडीने निळे पडलेले ओठ,
राईच्या पावाचे जाड तुकडे, लोण्यावर वाळू.
पाटीवर तेरा पांढऱ्या.
एक तांबडी.
सोइंतू.

मी परत मोजलं. काठावर चौदा.
पाटी म्हणते एकजण अजून पाण्यात आहे,
डोळे म्हणतात सगळे इथे.
खरं कोण, हे माझं ठरेना
आणि राईली तोवर बुटांसकट कमरेइतक्या पाण्यात.

आम्ही सहाजण, स्वयंपाकी वेइक्को धरून,
कोपरात कोपर अडकवून सरोवर चालत गेलो.
पायांनी चाचपत. गाळ. दगड. कुजलेला ओंडका.
कुणाची तरी मागच्या उन्हाळ्यातली चप्पल.
जे जे मऊ लागलं त्यावर मी पाय ठेवला
आणि दर वेळी मेले.
काठावर कुणी रडत नव्हतं. त्याचीच भीती वाटत होती.

मग हिल्लाचा आवाज, तक्रारीचा, नेहमीसारखा:
हा आपल्यातला नाहीये!
तिच्या शेजारी एक मुलगा, चड्डी दोन मापं मोठी,
हातात आमचाच पाव.
पलीकडच्या काठावरचा. ओक्को.

आणि सौनामागच्या पायवाटेने सोइंतू आली,
केस कोरडे, ओंजळ भरलेली,
ओठ निळे, पण ब्लूबेरीने.
त्याला पोहायचं होतं, ती म्हणाली.
त्याला चकती नव्हती. म्हणून मी माझी दिली.
चौदाच झाले ना?

झाले होते.
वहीत लिहिलेलं होतं, सरळ रेघेसह.

राईली धक्क्यावर बसली, एक बूट काढून उलटा केला,
मग दुसरा. बराच वेळ पाणी पडत राहिलं.
मला काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
संध्याकाळी तिने बर्चची फांदी कापली,
एक चकती तासली, एक बाजू रंगवली,
आणि ओक्कोला होडीत घालून पलीकडे गेली,
त्याच्या बापाची सही आणायला.
पंधरावा खिळा मी ठोकला. वाकडा बसला.

रात्री अकराला खिडकीत ऊन असल्यासारखा उजेड.
मी यादी घेऊन खाटांमधून फिरले.
आत्सो. हिल्ला. तोंड उघडं टाकून झोपलेला ल्यूली.
सोइंतू पांघरुणाखालून म्हणाली, मी आहे,
मी विचारायच्या आत.
तरी मी वाकले,
पांघरूण बाजूला केलं
आणि चेहरा बघितला.