टनामागे चार किलो

दर दोन तासांनी मी पट्ट्यापाशी जाते,
पोलादी पळीनं डोंगर चाखते.
पिशवी, चिठ्ठी, वेळ, सही:
बाल्झिमा, दुसरी पाळी.
बाहेर उणे अडतीस. पापण्यांना पांढरं काजळ.

टनामागे चार किलो तांबं.
इतकंच. दिवस चांगला असला तर साडेचार.
त्यासाठी डोंगर फोडायचा, दळायचा,
पिठासारखा मऊ झाला की पाण्यात कालवायचा,
वर देवदाराच्या वासाचं तेल,
आणि फेसाला सांगायचं, बाबा रे,
तुझं तू ओळखून घे.
फेस ओळखतो.
तांबं बुडबुड्याला धरून वर येतं
दुधावर साय यावी तसं.

साय आगगाडीनं सीमेपलीकडे जाते.
बासष्ट डबे. मी मोजत नाही, पण झोपेतही
बासष्टावा गेल्यावरच कूस बदलते.
उरलेले नऊशे शहाण्णव किलो
नळातून घरंगळत दरीत जातात.
कागदावर त्याला मोठं नाव आहे.
आम्ही चोथा म्हणतो.

पदरात काय पडलं म्हणाल, तर पडलं.
खोटं कशाला बोलू?
नवं बॉयलरघर. शाळेला व्यायामशाळा.
ओचिरच्या दुकानात जानेवारीत केळी,
स्टेशनावरून तो ती गोधडीत गुंडाळून आणतो,
तान्ही असल्यासारखी.
आणि माझा तुमेन परत आला.
शहरात सहा वर्षं दुसऱ्यांची पार्सलं वाहिली,
आता असा ट्रक चालवतो
ज्याचं चाक आमच्या दारात मावणार नाही.
घरी येतो. जेवतो. माझ्यासमोर बसून जेवतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते कुणी मला विचारलं नाही.

दरीत जिथं आज चोथ्याचं तळं आहे
तिथं वडिलांच्या घोड्या विणायच्या, वाऱ्याच्या आडोशाला.
सुनावणीला ते गेले होते, पदकं लावून.
गेन्नादी पाव्लोविचनं पडद्यावर तक्ता दाखवला,
सतरा वर्षांचे सतरा निळे खांब,
कर, पगार, रस्ता, कर.
वडील उठले. म्हणाले, अठराव्या वर्षी
तळं कोण राखणार?
गेन्नादी पाव्लोविच वाईट माणूस नाही.
तो वळून पडद्याकडे बघत राहिला,
पण खांबांच्या पुढे नुसती भिंत होती,
समाजमंदिराची, पोपडे आलेली.
वडिलांनी मान हलवली,
फुकट वाटलेल्या मोमोंपैकी दोन
आईसाठी कागदात बांधले,
आणि घरी आले. पुढे कधी विषय काढला नाही.

तळं गोठत नाही.
कारखान्यातून पाणी कोमट येतं ना.
सारी दरी दगड झाली तरी तिथून वाफ निघत असते.
तीन हिवाळ्यांपासून काही बदकं
दक्षिणेला जातच नाहीत.
पहिल्या वर्षी सात होती, यंदा एकतीस,
मुलं मोजतात, पैजा लावतात.
कार्यालयानं त्यांचा फोटो काढून
दिनदर्शिकेवर छापला, फेब्रुवारीच्या पानावर.
यंदाची पिल्लं याच पाण्यात वाढली.
वाट त्यांना कुणी दाखवलेली नाही.

तुमेननं फ्लॅटसाठी कर्ज काढलंय,
वीस वर्षांचं.
मी सतरा वजा केले. मनातच.
त्याच्या ताटात अजून एक मोमो वाढला.

पाळी संपताना एक नमुना चोथ्याचाही घ्यायचा असतो.
टनामागे सहाशे ग्रॅम तांबं त्यातही निघतं,
फेसाला न सापडलेलं,
ना आगगाडीचं, ना दरीचं.
रकाना आहे: "गमावलेले".
मी आकडा लिहिते. सही करते.
दिवा मालवून बाहेर येते तेव्हा
वाफेच्या आत कुठंतरी
एक बदक बोलतं, मग दुसरं.
फेब्रुवारीत.
आमच्या आज्यांनी हा आवाज
फेब्रुवारीत कधी ऐकला नव्हता.