थोरल्याचं नाव

लादीदी रात्री लिहायची.
पोरांच्या उरलेल्या शाळेच्या वह्या,
अर्ध्या पानावर भागाकार, खाली प्रेम.
कानो शहरात वीज गेली की
कंदील माझ्या खोलीतून तिच्या खोलीत जायचा.
रॉकेल माझं.
मी तिची सवत, थोरली.
आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं सरळ कानांनी ऐकाल.

मला अक्षर येत नाही.
ती वाचायची, मी शेंगदाण्याच्या पेंडीची कडी वळायची,
सकाळी शाळेबाहेर विकायला.
रडायची जागा आली की कडी वाकडी व्हायची.
वाकडी घरात खायची.
त्या वर्षी आम्ही खूप खाल्ली.

तिच्या गोष्टीतही एक सवत होती.
दाराला कान लावणारी,
नव्या नवरीच्या लापशीत मीठ ओतणारी.
ऐकलं आणि माझं तेल करपलं.
"ही मी का?"
लादीदीनं वात उगाच खाली केली, वर केली.
"मग नीट तरी लिही," मी म्हटलं.
"मीठ कोण ओततं? मीठ लगेच कळतं.
मिरची. बी काढलेली, वाटलेली, थोडी थोडी."
तिसऱ्या वहीपासून ती बाई जिवंत झाली.

नवरा म्हणाला, लिही, पण माझं नाव नको.
जसं काही आम्ही दोघी कधी घेतो.

इसियाकूच्या दुकानात टायपिंग, पानाचे वीस नायरा.
शेवटच्या पानाशी तो अडला.
"पोरगी निघून जाते? का?"
"कारण त्यानं तिला विचारलंच नाही."
रात्रीतून त्यानं आपल्या मनानं दोघांचं लग्न लावून टाकलं,
ढोल, दोन मेंढे, सगळं.
लादीदी शेजारी बसून एकेक मेंढा पुसून घेत होती.
पुसायचेही त्यानं पैसे घेतले.

मग शिक्क्याचं ऑफिस.
आज साहेब नाही, उद्या शाई नाही.
दोन महिन्यांनी कागद परत आले
तर कडेला मेंदीच्या बोटांचे ठसे,
आणि कारकून हळूच म्हणाला,
"घरी विचारतायत, दुसरा भाग कधी?"

पैसे भिशीचे.
चौदा बायकांत माझा नंबर लागला
धुळीचा वारा सुटतो त्या दिवसांत.
मी ते छपरासाठी धरले होते.
पत्रे थांबले.
हे उपकार म्हणून नाही सांगत.
मला त्या बाईचं पुढं काय होतं ते हवं होतं,
आणि दुसरा भाग पहिला खपल्याशिवाय निघत नाही.

हजार प्रती. रिक्षात गठ्ठ्यांवर बसून आलो.
कव्हरावर कुठल्याशा साबणाच्या कॅलेंडरमधली पोरगी,
आमच्या पोरीपेक्षा गोरी, आणि नाकात चमकी.
काही प्रतींत चाळिसावं पान उलटं.
तिथं लादीदी रडली, इतके दिवस न रडलेली.
मी म्हटलं, बायका आडव्या पडून वाचतात,
कूस बदलतील.

आता एक सांगते, आमच्यातली रीत.
पहिल्या लेकराला आई नावानं हाक मारत नाही.
लाज असते ती.
माझा थोरला सव्वीस वर्षांचा, दाढीवाला,
अजून "अरे, तो" आहे.

बाजारात दुकानदारानं विचारलं,
"नाव काय पुस्तकाचं?"
लादीदीनं ओढणी दातात धरली.
"ते... तांबड्या कव्हराचं."
त्याच्याकडं छतापर्यंत तांबडीच कव्हरं.
"नाव, बाई, नाव."
ती जमिनीकडं बघते, मी तिच्याकडं.
लेकरू तिचं. मला कसली लाज?
मी घेतलं.
अख्खा गल्ला वळून बघेल एवढ्यानं घेतलं:
'आधी विचारायचं होतंस'.

हमालानं डोक्यावरचं पोतं सावरून मान वळवली.
दुकानदार म्हणाला, दहा ठेवा, पैसे विकल्यावर.
लादीदीनं पिशवीतून वही काढली,
भागाकाराच्या खाली जागा शोधली
आणि लिहून घेतलं: दहा, उधार.
मला वाचता येत नाही, पण तेवढं कळलं.